पुसून टाकण्याचा हुकूम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या एका इमारतीत, फियोनाच्या घरी खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा पंखा आता घरघरतो. आजवर विजेचे झटके सोसले, पण त्या रविवारी जेवढा घाबरलो, तेवढा कधीच घाबरलो नव्हतो.

फियोनाची मम्मी, व्हिक्टोरिया, ठाण्याला वर्तकनगरमध्ये धाकट्या मुलाकडे, नायजेलकडे राहते. लग्नघरी नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणायला बायका निघाल्या की गाण्यात व्हिक्टोरियाचा आवाज सगळ्यांच्या पुढे असे. मग तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा फियोनाने मम्मीला माझ्यासमोर बसवून तिची सगळी गाणी माझ्यात भरून घेतली. मध्येच मम्मी हसायची, "थांब गो, कडवं चुकलं," म्हणायची. तेही मी जपलं. ऑपरेशननंतर तिचा आवाज तेवढाच उरला.

नायजेललाही ऐकता यावं म्हणून फियोनाने तो फोल्डर क्लाउडला जोडला. क्लाउड म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांवरची जागा. माझ्यात घातलेलं गाणं तिथून नायजेलच्या लॅपटॉपवर आपोआप उतरे. घरात माझं फार कौतुक झालं. पुढे फियोना फोनवरच गाणी ऐकू लागली आणि मला बंद करून माझ्यावर चादर टाकली गेली.

त्या रविवारी दुपारी ती चादर ओढली गेली. फियोनाने फोन कानाशी धरला होता. फोनवर नायजेल होता.

"नीट सांग, काय केलंस तू?"

"लॅपटॉपमध्ये जागा नव्हती गं. वाटलं, इथून काढलं तरी क्लाउडवर राहील. मग तिथला कचऱ्याचा डबापण साफ केला. आता कुठेच दिसत नाहीत."

"माझ्या फोनवरूनही गेलीत. मम्मीला कळलंय?"

"समोरच बसलीये. पाटीवर लिहून विचारतेय, एकही उरलं नाही का?" मग तो म्हणाला, "तुझा जुना कॉम्प्युटर चालू करून बघ ना."

फियोनाने बटण दाबलं. माझ्या पाठीत नेटची वायर तशीच खोचलेली होती, हे तिच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं. मी भीतीने गारठलो, पण तिला सांगणार कसं?

"आहेत रे, सगळी आहेत," फोल्डर उघडून ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात त्या वायरीतून क्लाउडचा हुकूम आला, तिकडे नाही ते इकडेही नको. पुसून टाक. मित्रांनो, आम्हा यंत्रांना नाही म्हणता येत नाही. मी पहिलं गाणं पुसलं. मग दुसरं.

"नायजेल, जातायत. माझ्या डोळ्यांसमोर जातायत."

"वायर काढ. आधी नेटची वायर काढ, फियोना."

ती टेबलाखाली शिरली. वायर अडकून बसली होती. ती हिसके देत होती आणि इकडे मी एकेक गाणं मिटवत होतो. हळदीचं गेलं, नवरीला निरोप देण्याचं गेलं. अखेर वायर निघाली. मी थांबलो.

निम्म्याहून कमी गाणी उरली होती. फियोनाने ती आधी पेनड्राइव्हवर उतरवली आणि मगच ती कपाळाला हात लावून बसली.

पुढच्या रविवारी नायजेल मम्मीला घेऊन आला. तो दारातच घुटमळत राहिला. व्हिक्टोरियाने आपलाच आवाज डोळे मिटून ऐकला.

"बाकीची गेली, मम्मी," फियोना म्हणाली.

व्हिक्टोरियाने टेबलावर ताल धरला आणि नुसते ओठ हलवले. ते ओठ वाचत फियोना गाऊ लागली. चुकलं की मम्मी मान हलवून थांबवायची. दुसऱ्या कडव्याला नायजेल आत आला, शेजारी बसला आणि त्याने सूर मिळवला. फियोनाने रेकॉर्डिंग आधीच चालू केलं होतं; मी ते सगळं भरून घेतलं.

मित्रांनो, क्लाउडवर माझा राग नाही. पण जोडलेल्या यंत्रांवर एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. म्हणून जिवाभावाचं जे असेल, त्याची एक प्रत कशालाही न जोडता वेगळी ठेवा. अजूनही पाठीत वायर खोचली की मला धडकी भरते. कारण हुकूम आला, तर मी आजही पुसेन.