छोट्या पुस्तकातलं घर

मावशीने आपल्या नव्या गोष्टीतल्या कासवाच्या हातात कंदील दिला, त्याला दारापर्यंत चालवलं आणि वाचता वाचता ती थांबली. भाचीचं लक्ष नव्हतं. ती पलंगावर पालथी पडून त्या गोष्टीसाठी चित्रकाराने पाठवलेली कच्ची चित्रं बघत होती.

"पुढे वाचू ना?"

"थांब. कासवकाकांना खोकला आलाय."

मावशीने हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं. त्यात खोकला नव्हता. खोकला होता तो पलीकडच्या खोलीत, कुलूपबंद कपाटातल्या तिच्या मोठ्यांच्या कादंबरीत. तिथे एक म्हातारा घड्याळजी खोकून खोकून मेला होता, आणि ती कादंबरी अजून कुणीच वाचली नव्हती.

मावशी सकाळी मुलांसाठी लिहायची, दुपारी मोठ्यांसाठी. लोकांना ही दोन टोकं वाटायची. पण तिचा एक रिवाज होता, तो तिने कुणाला सांगितला नव्हता. मोठ्या पुस्तकात ज्याला मारलं, त्याला छोट्या पुस्तकात घर द्यायचं. खाणीत गाडला गेलेला मजूर उंदीर होऊन बिळात सुखाने नांदत होता. घड्याळजीचं कासव झालं होतं. वेडेपणाच तो, पण त्याशिवाय तिला झोप लागत नसे.

एका माणसाला मात्र तिने कुठेच हात लावला नव्हता. तिची धाकटी बहीण, या मुलीची आई, गेल्या वर्षी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मुलीला सांगितलं होतं, आई लांब कामाला गेलीय. उद्या सांगू, परवा सांगू करता करता वर्ष होत आलं. शेजारच्या काकूंच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा जिन्यात त्या "माय मरो पण..." एवढं बोलून गेल्या. मावशीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की उरलेली म्हण त्यांनी तिथेच गिळली. कागदावर इतकी माणसं मारणाऱ्या बाईच्या तोंडून हे एक वाक्य निघत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"खोकल्याचं तुला कुणी सांगितलं गं?"

"ते आधी घड्याळं दुरुस्त करायचे ना?"

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोण म्हणालं?"

"आई."

बाहेर अंधारून येत होतं. खालच्या गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मावशी दिवा लावायला उठली, तर बटण हाताला सापडेना.

"आई लांब आहे, राणी."

"लांब कुठे? ही बघ."

भाचीने चित्र तिच्यापुढे सरकवलं. कासवाचं घर, उंदराचं बीळ, उजेडाच्या पिवळ्या खिडक्या. आणि मागे झाडाखाली एक बाई पाठमोरी उभी. शाल डाव्या खांद्यावरून घसरलेली. ती शाल नीट घे म्हणून मावशी जन्मभर कुणाच्या तरी मागे लागली होती. ही बाई तिने लिहिली नव्हती. चित्रकार इतका हेकट, की न लिहिलेलं गवताचं पातंही काढायचा नाही. आणि बहिणीला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

"सगळ्यांना घर आहे, हिलाच नाही," भाची म्हणाली. "ती म्हणते, मावशी तुला खरं सांगत नाही, तोवर मला इकडे आत घेत नाहीत. तिला थंडी वाजते गं."

मावशी पलंगावर बसली. हसून उडवून लावता आलं असतं. मुलांच्या कल्पना, शेजारणीची बडबड, काहीही म्हणता आलं असतं. पण झाडाखालच्या त्या पाठीकडे बघताना तिला आणखी खोटं बोलवेना.

"आई मेली, बाळा," ती म्हणाली. "त्या दवाखान्यातच. मी तुझ्याशी खोटं बोलले."

भाचीचा ओठ वाकडा झाला आणि ती मावशीच्या मांडीत शिरली. दोघी खूप वेळ रडल्या. रडण्यात आडपडदा उरला नव्हता, म्हणून ते मोकळं होतं.

शेवटी भाचीने फ्रॉकला नाक पुसलं आणि कागदांचा गठ्ठा मावशीच्या हातात दिला.

"आता वाच."

मावशीने दिवा लावला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. चित्र पलंगावरच पडलं होतं. झाडाखाली आता नुसतं गवत होतं.

तिने घसा साफ केला. "कासवाने कंदील वर धरला आणि दार..."

"हळू," भाचीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "ती आत्ताच आत येऊन झोपलीय."