बोरीची चिठ्ठी

धावजी मुकुटबनच्या जंगलातल्या लाकूड डेपोचा राखणदार. बायको मानीबाई जाऊन चार वर्षं झालेली, आणि सागाच्या ओंडक्यांशी माणूस बोलणार तरी किती. अशात १९५८च्या हिवाळ्यात सरकारसाठी किडे गोळा करणारे वामनराव आले, आठ दिवस राहिले. तोडलेल्या लाकडात टाचणीएवढी भोकं पाडणारा किडा त्यांनी दाखवला. "हा लाकूड खात नाही, धावजी. आत बुरशी लावतो, अन् पिल्लांना तीच खाऊ घालतो. या काचेच्या नळ्या ठेव, किडा नळीत घालून पाठव, चिठ्ठीवर झाडाचं नाव लिही. नवीन झाड निघालं, तर मी स्वतः येईन."

दोन बुकं शिकलेल्या धावजीनं दोन वर्षं इमानानं नळ्या पाठवल्या. सालई, मोह, धावडा, पुन्हा सालई. टपालानं रिकाम्या नळ्या यायच्या, माणूस काही येईना. शेवटी एकटेपणानं त्याची मती फिरली. सालईतला किडा नळीत घातला आणि चिठ्ठीवर लिहिलं, बोर. बोर एकच, झोपडीमागची. मानीबाईनं तांड्यावरून आणून लावलेली.

पंधरा दिवसांत कार्ड आलं, येतोय म्हणून. धावजीचं धाबं दणाणलं. हा किडा धडधाकट झाडाला लागत नाही, मरणाऱ्या झाडाच्या आंबूस वासावर येतो, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं कुऱ्हाडीनं बोरीची साल बुंध्याभोवती गोल सोलली आणि वाट पाहत बसला. एक किडा फिरकेल तर शपथ.

वामनरावांनी भिंग लावून बुंधा पाहिला, मग सोललेली साल पाहिली.

"हे कशाला केलंस?"

"तुमी याल म्हून, सायेब. मले इथं करमत नाही."

माणूस वाईट नव्हता. भाकर-वरण पोटभर जेवले. मग वही काढून धावजीच्या साऱ्या नोंदींवर काट मारली. "एक चिठ्ठी खोटी निघाली. बाकीच्या खऱ्या हे मी कशावरून म्हणू?" जाताना रिकाम्या नळ्याही घेऊन गेले.

उन्हाळ्यात पानं गाळलेली बोर पुन्हा पालवली नाही. श्रावणात एका सकाळी बुंध्यावर भोकांतून निघालेल्या पांढऱ्या भुशाच्या बारीक काड्या उभ्या दिसल्या. किडा आला होता. धावजीनं सवयीनं चिठ्ठी लिहिली: बोर, झोपडीमागे. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते मानणारं आता कोणी नव्हतं.

चिठ्ठी मुठीत धरून तो बुंध्याशी बसला. त्याला रडू आवरेना.

"माने," तो म्हणाला, "तुई बोर म्याच मारली वं."