हुशारीची गोळी

लातूरच्या त्या गल्लीत बाप नव्हते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं ते यायचे, ज्वारीचं पोतं उतरवायचे, पोराच्या मार्कांची चौकशी करायचे आणि रविवारी परत जायचे. बाकीचे दिवस गल्ली आयांची. अहमदपूर, नायगाव, हिमायतनगर, कुठून कुठून बायका चालता संसार सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या गळ्यात घालून एकेका खोलीत स्टोव्ह मांडून बसल्या होत्या. पोरगं बारावीला. लातुरात यापुढं काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

गोदावरी अहमदपूरची. नवरा उद्धव तिथंच शाळेत मास्तर, आणि मुलगा वरद क्लासच्या प्रत्येक चाचणीत पहिल्या पाचांत. गल्लीला त्याचं कौतुक होतं, त्याहून जास्त पोटदुखी होती. कारण हा मुलगा दहाला झोपायचा. इतरांची पोरं डोळ्यांना पाणी लावून जागायची, आणि याच्या खोलीत दहाच्या ठोक्याला अंधार. तरी मार्क याचेच.

त्याला जागवायची गोदावरीची छातीच नव्हती. किल्लारीच्या भूकंपात वरद नऊ वर्षांचा होता. गणपती बुडवायला ती त्याला घेऊन माहेरी गेली आणि पहाटे घराचं माळवद खाली आलं. तिचे वडील गेले. वरद वाचला, पण डोक्याला मार बसला, आणि वर्षभरानं त्याला फिट येऊ लागल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि गोदावरीला समोर बसवून पढवलं. ठरल्या वेळी, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. जागरण नाही. दुसरं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय नाही. आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप, डोळे लाल, तोंडात फोड, अंगावर पुरळ, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी धावत यायचं. "काहींना हे औषध सोसत नाही, आणि न सोसलं तर जिवावर बेततं," डॉक्टर म्हणाले होते. वरदला सोसलं. गेल्या चार वर्षांत तर त्याला एकही फिट आली नव्हती.

गोदावरीनं सगळं तंतोतंत पाळलं. फक्त सांगितलं कुणाला नाही. खोलीमालकाला नाही, क्लासला नाही, सख्ख्या नणंदेला नाही. फिट म्हटलं की लोक कांदा हुंगवायला धावतात आणि मग जन्मभर त्या पोराला तेवढ्यावरूनच ओळखतात. तिच्या पोराला डॉक्टर व्हायचं होतं.

शेजारच्या खोलीत कस्तुराबाई राहायची. नायगावकडची, घरची शेती, मन मोकळं आणि आवाज त्याहून मोकळा. तिची सुकन्या कष्टाळू, पण मार्क साठीच्या पुढं सरकायला तयार नव्हते. एका संध्याकाळी कस्तुराबाई वाटीत जवसाची चटणी घेऊन आली, तेव्हा वरद गोळी गिळत होता.

"काय झालं वो लेकराला?"

गोदावरीच्या तोंडून उत्तर इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. "काही नाही हो. हुशारीची गोळी आहे. वाचलेलं लक्षात राहतं."

वरदनं पुस्तकातून मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झाले.

"तरीच," कस्तुराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चार गोळ्या मागायला आली. मुलींना चालत नाहीत असं सांगून गोदावरीनं तिला वाटेला लावलं. पण बारा एकर रान एकटीनं सांभाळलेली बाई एका नकारानं थोडीच गप्प बसणार? गोदावरीनं कचऱ्यात टाकलेली रिकामी पट्टी तिनं उचलली, लांबच्या एका औषधाच्या दुकानात दाखवली आणि तसल्याच पट्ट्या घेऊन आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

गोदावरीला हे कळलं पंधरा दिवसांनी, नळावर.

"तुमी न्हाई दिल्या तरी आमचं काही अडलं न्हाई," कस्तुराबाई हसत म्हणाली. "सुकन्या बी घेऊन राहिली. झोप लई येतीय म्हणती, पण मार्क चार वाढले बघा."

गोदावरीनं नळ बंद केला. "बंद करा त्या," ती म्हणाली. "उष्ण असतात."

"वरदला न्हाई होत उष्ण?" कस्तुराबाईचं हसू मावळलं. "असू द्या ताई. तुमचं लेकरू पुढं जाऊन राहिलं, आमचं बी जरा जाऊ द्या."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गोदावरीनं घागर उचलली आणि ती घरी आली. सगळ्यांनाच काही त्रास होत नाही, वरदला कुठं झाला? बाई ऐकतच नाही त्याला मी काय करू? शिकलेली बाई, कारणांची तिला कधीच वानवा नव्हती.

पुढच्या सोमवारी सुकन्याला ताप भरला. मंगळवारी डोळे लाल झाले, घसा धरला. बुधवारी अंगभर पुरळ. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोवर सांगितला. गोळीचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, अभ्यासाच्या गोळीचा आणि गोवराचा संबंध काय? उलट तापात वाचलेलं निसटू नये म्हणून कस्तुराबाईनं दोन गोळ्यांच्या तीन केल्या, आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला.

गोदावरीनं त्या डहाळ्याखालून आत पाहिलं. हा गोवर नव्हे, हे तिला उंबऱ्यावरच कळलं. अख्ख्या गल्लीत ते फक्त तिलाच कळत होतं. लिंब बांधलेल्या घरात जाऊ नये, असं मनाशी म्हणत ती परत फिरली. पहिला पेपर वीस दिवसांवर होता. आत्ता बोललं तर खोली जाईल, क्लासमधली पोरं वरदकडं टकमका बघतील, त्या धसक्यानं त्याला फिट आली तर? उद्या उतरेल कदाचित. गुरुवारीही तिनं उद्यावरच ढकललं.

शुक्रवारी सकाळी कस्तुराबाईचा हंबरडा गल्लीभर ऐकू गेला. सुकन्याचे ओठ सोलले होते, पाठीवर भाजल्यासारखे फोड, पापण्या चिकटून बंद. तेव्हा गोदावरी आत शिरली आणि एका दमात सगळं बोलली. ती फिटची गोळी आहे. माझ्या वरदला फिट येतात. आत्ताच्या आत्ता बंद करा, ती पट्टी बरोबर घ्या. रिक्षाही तिनंच आणली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघून कपाळाला हात लावला. "दोन दिवस आधी तरी आणायची होती," त्या म्हणाल्या.

सुकन्या जगली. कातडी भरून येऊ लागली, डोळे मात्र गेल्यात जमा. उजेड कळतो, माणूस कळतं, पुस्तकातली ओळ कळत नाही. आणि ज्या भीतीनं गोदावरी दोन दिवस गप्प बसली, त्यातलं काही म्हणजे काहीही झालं नाही. खोलीमालक म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला बी हाय की. गोळी घेतो, ट्रॅक्टर सोडून समदं करतो." क्लासमध्ये एका पोरानं वरदला विचारलं, दुखतं का रे? संपलं.

पेपर दोन दिवसांवर असताना कस्तुराबाई खोली आवरायला आली. आधी ती गोदावरीकडं गेली आणि तिनं सरळ तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुमी सांगितलं म्हणून पोरगी हाती लागली, ताई. माझ्या लेकरापायी सोताच्या लेकराचं झाकलेलं उघडं केलंत. मीच येडी, तुमच्यावर जळून राहिले."

गोदावरीनं पाय मागं घेतले नाहीत. तिनं कस्तुराबाईच्या पाठीवर हात ठेवला. "देवाची कृपा म्हणायची," ती म्हणाली. आपल्याला हे जमतं, याची तिला त्या क्षणी किळस आली, पण हात तिनं काढला नाही.

कस्तुराबाई डोळे पुसत आपल्या खोलीत गेली. वरदनं वही मिटली.

"आई, पुरळ बुधवारी आलं ना?"

"आलं असेल."

"बुधवारी तू त्यांच्या दारात उभी होतीस. मी खिडकीतून बघत होतो. तुला तेव्हाच कळलं होतं."

गोदावरीला आता खोटं बोलायला जागा नव्हती, आणि खरं बोलायची सवय मोडली होती.

"काकूंना हे माहीत नाही," वरद म्हणाला. "त्या तुझ्या पाया पडून गेल्या. मी सांगतो त्यांना."

तो उठला तशी ती त्याच्या आडवी आली. "सांग," ती म्हणाली. "मी नाही म्हणत नाही, बाळा. पण परवा पेपर आहे. तेवढा पेपर होऊ दे आधी."

वरदनं तिला हळूच बाजूला केलं.

"सुकन्याचाही परवाच होता," तो म्हणाला, आणि चप्पल पायात सरकवून शेजारच्या दाराशी गेला.