रेस सोडल्यावर

गुणाबाईंचा हात मोडला त्या दिवसापर्यंत आपली मोटारसायकल फटाके मारते हे गुरुपादप्पांना खरंच वाटत नव्हतं.

त्यांना ऐकू येत नव्हतं. कान हळूहळू उतरत गेले होते, आणि आता तर देवळात नगारा वाजला तरी तो त्यांना पायाखालच्या फरशीतून कळायचा. निलंग्याजवळच्या त्या गावात एके काळी कुणाची गाडी बिघडली की माणसं आधी त्यांच्या दारात यायची. शेतकरीच माणूस, पण इंजिनाचा नाद असा की चालू गाडीजवळ नुसतं उभं राहून दुखणं सांगायचे. आता त्यांच्याच जुन्या गाडीची रेस सोडली की सायलेन्सरमधून फाट्‌फाट्‌ बार निघायचे. गल्लीतली माणसं कानावर हात ठेवून हसताना दिसली की ते उलट डाफरायचे, "काय तमाशा लावलाय?"

त्या सकाळी शेजारच्या गुणाबाई म्हशीखाली बसल्या होत्या. गुरुपादप्पा उतारावरून आले आणि त्यांनी गोठ्याजवळ रेस सोडली. बार असा झाला की म्हैस दावं तोडून उसळली, गुणाबाई पाण्याच्या दगडी डोणीवर आपटल्या आणि मनगट गेलं. मृत्युंजयनं, म्हणजे गुरुपादप्पांच्या मुलानं, त्यांना निलंग्याला नेऊन प्लास्टर घालून आणलं. घरी आल्या आल्या त्यानं खुंटीवरची गाडीची चावी काढून खिशात टाकली.

"आप्पा, बास झालं आता. शनवारी भंगारवाला यायलाय."

आप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग सुनेकडं वळले. घरात शिवगंगाच अशी होती की त्यांच्या कानाशी वाकून, सावकाश, आहे ते जसंच्या तसं सांगायची.

"माझ्या गाडीचा बार व्हता का तो?"

"हाव, मामा. तुमच्याच गाडीचा. लई दिवसापासून व्हायलाय."

त्यांनी ताट सरकवलं ते पुन्हा ओढलं नाही.

सकाळी उठून ते गुणाबाईंच्या ओसरीवर गेले आणि हात जोडून उभे राहिले. मागं शिवगंगा होती, गुणाबाईंचं बोलणं त्यांच्या कानात सांगायला. गुणाबाई रागात नव्हत्या, थकल्या होत्या. "हात जुळंल, आप्पा. पण म्हस बुजलीय, कासेला हात लावू देईना. ती गाडी ह्या गल्लीतनं पुन्हा काढू नका, बस्स."

आप्पा घरी आले. अंगणात गाडीजवळ थांबले, टाकीवर हात ठेवला. "विकायची तर विका. पण ही अशी बोंबलत जाऊ द्यायची न्हाई मी. पोरी, हात माझे हायेत. तुझे कान देतीस का?"

शिवगंगाला गाडीतलं काही कळत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं चावी मागितली. मृत्युंजय वैतागला. "तू पण आता त्यांच्या नादी लागलीस?"

"भंगारात घालण्यापेक्षा चालू गाडी विकली तर काय वाईट हाय का?" ती म्हणाली. त्यानं खिशात हात घातला. चावी मिळाली.

आप्पांनी आधी प्लग काढला. त्याचं टोक चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. "हे बघ. भुकेली हाय ती. हवा जास्त, पेट्रोल कमी." मग त्यांनी कार्बोरेटर उतरवला, पोत्यावर फडकं अंथरून एकेक भाग काढला त्या क्रमानं मांडला. तळाशी पिवळट चिकट राळ बसली होती. सगळ्यात बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सुटायची नळी, त्यांनी पेट्रोलमध्ये भिजत घातला, सायकलच्या पंपानं हवा मारली आणि तिच्या हातात दिला. "उन्हाकडं धरून बघ. भोक दिसतंय का?"

"न्हाई."

परत भिजवला, परत हवा मारली. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी एकदा तिला मोहरीहून बारीक उजेडाचा ठिपका दिसला आणि ती एवढ्या मोठ्यानं "दिसलं!" म्हणाली की मृत्युंजय बाहेर येऊन बघून गेला.

गाडी जोडून झाल्यावर खरी कसोटी होती. इंजिन गरम करून हवेचा स्क्रू थोडा थोडा फिरवायचा, आणि जिथं इंजिन सगळ्यात मोकळं, एकसारखं पळतं तिथं थांबायचं. हे कानाचं काम. त्यांनी खुणा ठरवल्या. आवाज चढला तर तिनं तळवा वर न्यायचा, पडला तर खाली, आणि बार झाला तर मूठ. आप्पा स्क्रूवर वाकलेले, नजर तिच्या हातावर. पहिल्यांदा तिला सगळा आवाज एकच वाटला. मग डोळे मिटल्यावर वेगळेपण कळू लागलं. इंजिन अडखळत होतं, दम घेत होतं, मग एका जागी आल्यावर सुरळीत लागलं. तिचा तळवा वर गेला आणि तिथंच थांबला.

"आता रेस देऊन सोडतो," आप्पा म्हणाले.

त्यांनी रेस दिली, सोडली. फाट्‌!

बार पहिल्याहून बारीक होता. आप्पांच्या कपाळावर घाम होता, बोटं पेट्रोलनं पांढरी पडली होती, आणि तोंडावर अशी आशा होती की शिवगंगाला वाटलं, तळवा वर करावा. त्यांना कुठं कळणार होतं? तिनं मूठ आवळून दाखवली.

ते खाली बसले. मग पुन्हा स्क्रू. पुन्हा मूठ. अंधार पडायच्या आधी त्यांनी पेचकस फेकून दिला. "कार्बोरेटर माझ्याकडनं ह्याच्याहून चांगला व्हायचा न्हाई."

दुसऱ्या सकाळी इंजिन थंड असताना तिनंच गाडी चालू करायला सांगितली. रात्री अंथरुणावर तिच्या कानात एक आवाज राहिला होता. बार नव्हे, दुसराच. ती गुडघ्यावर बसली आणि इंजिनाच्या पुढून, जिथून सायलेन्सरचा पाइप निघतो, तिथं तिनं कान नेला. फुस्स, फुस्स, फुस्स. ती उठून आप्पांच्या कानाशी वाकली.

"मामा, हितनं काहीतरी निसटायलंय."

"तितनं काय निसटंल? मी कार्बोरेटरचं सांगायलो, तू भलतीकडं."

ती हटली नाही. तिनं त्यांचा हात मनगटाला धरून पाइपाच्या तोंडाजवळ नेला. आप्पांचे डोळे बारीक झाले. तळव्यावर ऊन वाफेचे ठोके बसत होते, एकसारखे, इंजिनाच्या तालात. त्यांनी वाकून बघितलं, तर सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा. कपाळावर हात मारून ते हसायलाच लागले.

"सांध्यातलं पॅकिंग जळालंय! रेस सोडली की बाहेरची हवा ह्या फटीतनं आत जाती, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधी पेटतं. दोन्ही रोग व्हते तिला. एकच बरा केला आपण."

पॅकिंगची कडी निलंग्यात मिळाली नाही. शिवगंगा बसनं लातूरला गेली. गंजगोलाईच्या आसपास दुकानं पालथी घालून, पाइपाच्या सांध्याचं दोऱ्यानं घेतलेलं माप समोर ठेवून त्या मापाची घेऊन आली. तोवर आप्पा पाइपाच्या गंजलेल्या नटांशी झुंजत होते. एक सुटला. दुसरा जोर लावला तर आटाच तुटेल असा बसला होता. त्यांनी डिझेल सोडलं, थांबले, हलक्या हातोडीनं ठोकलं, परत डिझेल सोडलं. पाना लावायचे आणि नट तसूभर हलत नाही असं दिसलं की काढून घ्यायचे. चिडून जोर लावला नाही. शुक्रवारी संध्याकाळी नट कुरकुरत फिरला. ते कुरकुरणं शिवगंगानं ऐकलं, आप्पांना ते पान्यातून हाताला कळलं, दोघं एकदमच "सुटला" म्हणाले.

नवी कडी बसवली, दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. गाडी चालू केली. शिवगंगानं डोळे मिटले. आप्पांनी रेस दिली, सोडली. दिली, सोडली. तिचा तळवा उघडाच राहिला.

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा मृत्युंजय गुणाबाईंना विचारून स्वतः गाडी घेऊन उतारावर गेला आणि रेस सोडत खाली आला. दोनदा. गाडीवरून उतरून भंगारवाल्याला म्हणाला, "जुने पत्रे हायेत, ते घेऊन जा."

आप्पांनी चावीसाठी हात पुढं केला. चावी शिवगंगानं घेतली.

"मामा, गाडी बरी झाली. तुमचे कान न्हाई झाले. मागनं ट्रक आला तर तुम्हाला कळतंय का?"

"गाडी मी बरी केली!"

"आपण केली. चावी मी द्यायची न्हाई."

ते चिडून पायीच शेताकडं गेले. दिवसभर आले नाहीत. दिवेलागणीला आले, पाय धुतले, आणि चुलीपुढं बसलेल्या सुनेला म्हणाले, "लातूरला कानाचा डाक्टर कुठं बसतो, इचार."

मंगळवारी दोघं बसनं गेले. डॉक्टरांनी कान तपासून एक यंत्र वापरून बघायला दिलं. परत येताना ते आप्पांच्या कानात होतं आणि ते सारखे तक्रार करत होते. माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी बोलतात म्हणे, आणि पोरं तर किंचाळतातच. औशाच्या पुढं बस चढ चढू लागली तसे ते एकदम गप्प झाले. मान तिरकी करून बसचं इंजिन ऐकत राहिले. मग शिवगंगाच्या दंडाला हात लावून, बाजूच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ड्रायव्हरला सांग, हिचा एक नोझल गळायलाय."