अंबिया

मुलगा होवो का मुलगी, नाव अंबियाच, हे दुर्गाबाईनं सून पाचव्या महिन्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. जी सासू सात वर्षं 'कोरडी' म्हणून हिणवत आली, ती एकाएकी बाळाचं नाव ठरवायला बसली म्हटल्यावर रागिणीच्या मनात पाल चुकचुकलीच. नवऱ्याला, कुलदीपला विचारलं, तर तो मोबाइलमध्ये तोंड खुपसून म्हणे, आईलेच विचार. म्हणजे नक्कीच काहीतरी शिजत होतं. माहेरी अकोल्यात सगळे कापूसवाले, त्यांनी हा शब्दच ऐकलेला नाही. कोणी म्हणे परदेशातलं नाव, कोणी म्हणे खोकल्याचं औषध.

मुलगी झाली. बारशाच्या सकाळी मोर्शीहून सासू आणि नणंद प्रतीक्षा अकोल्याला आल्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून रागिणीनं नणंदेलाच गाठलं. चहा पाजून गोडीगोडीत बोलतं केलं. प्रतीक्षा भोळी, सांगून मोकळी झाली. थंडीत संत्र्याच्या बगिच्याचं पाणी तोडतात, त्याला म्हणतात ताण देणं. पानं मलूल पडली की पाणी सोडायचं. मग झाड फुलानं लदबदून जातं, तो अंबिया बहार.

रागिणीचं डोकंच सणकलं. सात वर्षं कोणाच्या ओटीभरणाला हिला नेलं नाही, बगिच्यात पाऊल ठेवू दिलं नाही, घरात धड बोललं नाही, आणि आता म्हणे बहार. म्हणजे आम्ही ताण दिला म्हणून फुललीस, ही फुशारकी जन्मभर लेकराच्या नावात. तिनं प्रतीक्षाला पटवलं, कानात 'आचल' म्हणायचं. आत्या एकदा बोलली की बोलली.

पण पाळण्याजवळ तिलाच राहवलं नाही.

"आई, ताण मलेच देल्ला ना तुमी?"

दुर्गाबाईनं पदर सारखा केला.

"देल्ला. बहार आला का मालक शेखी मिरवते, सोसते झाड. पोरीले हाक मारली का मले तुयं सोसणं याद आलं पायजे, म्हणून हे नाव."

सासूचा शब्द, लगेच कोण गिळतं? रागिणीनं पाळण्याला एक झोका दिला. मग नणंदेला मान हलवून खुणावलं. प्रतीक्षा वाकली, ऐकायला दुर्गाबाईही वाकली. पोरीच्या कानात आलं, "अंबिया."

रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. रागिणीचा नेम चुकला का तिनं चुकवला, देव जाणे. तिचा धपाटा दणकून बसला सासूच्या पाठीत.

"लागलं न वं मले," दुर्गाबाई कळवळली.

"सोसा, आई. बहार येईन."