समुद्र ऐकायला कर्ज

आमच्या बचत गटाची बैठक माझ्या पिठाच्या गिरणीत भरते आणि गिरणी बंद केल्याशिवाय सुरू होत नाही. गिरणी चालू असताना साक्षात देव बोलला तरी ऐकू यायचा नाही. तर त्या रविवारी मी बटण बंद केलं, बायका पोत्यांवर टेकल्या, आणि गटाची अध्यक्ष म्हणून मी विचारलं, "कर्ज कुणाला पाहिजे?"

बायडाबाई म्हणाली, "मला. बारा हजार."

बायडाबाई वारज्याच्या जुन्या गावठाणातली, माझ्याच वयाची. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. कॉलेजच्या पोरांच्या मेसला रोज भाकऱ्या थापून देते. गटातून आजवर तिनं एक छदामही उचलला नव्हता, त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारले.

"कशासाठी?" मी विचारलं. कर्जाचं कारण सगळ्यांसमोर सांगायचं, हा आमचा नियम. दुसरा नियम, एकीनं जरी नाही म्हटलं तरी कर्ज नाही.

"फिरायला. समुद्रावर," ती म्हणाली. "कर्वेनगरची एक बाई नुसत्या बायकांची बस काढती, पुढच्या बैठकीच्या सुमारास, गुहागरला. एकच जागा राहिली हाय. उद्या पैसे न्हाय भरले तर तीबी जाईल."

माझं डोकंच फिरलं. मी तोंडानं फटकळ आहे, हे वारज्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. "या वयात ऋण काढून सण करायची हौस आली का गं?" मी म्हटलं. "मशीनला कर्ज दिलं, तर मशीन राहतं. फीला दिलं, तर पोरगी शिकते. फिरून आल्यावर काय राहतं? हप्ता."

"भाकऱ्यांच्या पैशातनं फेडीन की."

"फेडशील गं. पण कशापायी?"

आमच्यात सगळ्यात लहान राजनंदिनी. मोबाईल हातातून सुटत नाही. ती म्हणाली, "पण काकू, तुम्ही मागच्या वर्षी गोव्याला जाऊन आलात ना? इंद्रजीतदादानं केवढे फोटो टाकले होते. सी-व्ह्यू रूम होती."

"नेलं की पोरानं," बायडाबाई म्हणाली. "चांगल्या हॉटेलात नेलं, खोटं कशाला बोलू. चौथ्या मजल्यावर खोली, समोरच समुद्र. पण त्यांचं बाळ झोपायचं, मग मी त्याच्यापाशी. इंद्रजीत आन् सून शेफाली खाली जायचे. त्या खिडकीची काच उघडायची न्हाय, एसी होता ना. चार दिवस काचेतनं समुद्र बघितला. एवढी मोठी लाट यायची, फुटायची, आन् आवाज न्हाय. टीव्हीचा आवाज बंद करून बघतो ना, तसं."

"मग म्हणायचं होतं, जरा मला खाली जाऊ दे," मी म्हटलं.

"म्हणलं. शेवटच्या दिवशी जाऊ म्हणाले. शेवटच्या दिवशी बाळाला ताप आला. आता त्यात कुणाची चूक? पण पोराच्या पैशानं गेलं, की ती पोराची ट्रिप असती. मला माझी पाहिजे. एकदा त्याच्याजवळ उभं राहून ऐकायचंय, आवाज करतो तरी कसा."

मथुराबाईला राहवलं नाही. "आवाजच ऐकायचा तर मोबाईलवर ऐक की. फुकटात." सगळ्या खुदुखुदु हसल्या. मीही हसले.

बायडाबाई हसली नाही. "मथुरे, गेल्या वैशाखात गटातनंच कर्ज काढलंस ना? पोराच्या हळदीला डीजे आणलास. काय राहिलं त्याचं? आमच्या मांडणीतली भांडी खाली आली, तेवढंच. डीजेचा आवाज ऐकायला कर्ज चालतं, मग समुद्राचा ऐकायला का न्हाय?"

मथुराबाई पदर सारखा करत बसली. ते कर्ज मंजूर करताना तिला एकीनंही कशापायी म्हणून विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

एकेक करून हात वर झाले. मथुराबाईचाही झाला, जरा उशिरानं. राहिले मी. बायडाबाई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता विनवण्या करणार. पण तिनं भलतंच विचारलं.

"सुशीलाबाई, तू तर गणपतीपुळ्याला जाऊन आलीयस. कसा असतो गं आवाज?"

"गाज म्हणतात त्याला," मी म्हटलं.

"नाव नको. आवाज सांग."

मी सांगायला गेले. गिरणीसारखा म्हणावं, तर गिरणी एकसुरी. पत्र्यावरच्या पावसासारखा म्हणावं, तर तसाही नाही. खरं सांगायचं तर मला आठवतच नव्हतं. गणपतीपुळ्याला आमच्या ह्यांची एक चप्पल हरवली होती आणि दोन दिवस आम्ही त्या चपलेवरच बोलत होतो. समुद्र शेजारीच होता. तो ओरडत असणार, पण माझ्या कानांत चप्पल. राग आला, पण कुणावर ते कळेना.

"हप्ता चुकला तर तुझी ज्वारी दळून देणार नाही," मी हात वर करत म्हटलं. "आणि पुढच्या बैठकीला तू तिथंच असशील ना, तर फोन लाव. बारा हजारात काय मिळतं, ते आम्हालाही ऐकू दे."

"लावते," बायडाबाई म्हणाली.

महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही. दळण टाकता टाकता मी तो आवाज आठवायला बघायची. रात्री ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "चप्पल नवी होती गं." पुढे विचारण्यात अर्थ नव्हता.

बैठकीच्या दिवशी एकही बाई उशिरा आली नाही, असं आमच्या गटात कधी घडत नाही. मी गिरणी बंद केली. फोन वाजला, तसा राजनंदिनीनं तो स्पीकरवर टाकून पोत्यावर ठेवला. सगळ्या डोकी पुढे करून बसलो.

"पोचले गं," बायडाबाईचा आवाज आला. "पाण्यात उभी हाय. आता फोन वर धरते. ऐका."

आम्ही श्वास रोखून ऐकलं. नुसती खरखर. मध्येच काहीतरी फाटल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा खरखर. मथुराबाईनं तर फोनला कानच लावला. शेवटी मी ओरडले, "अगं बायडाबाई, काहीच ऐकू येत नाही."

ती म्हणाली, "फोनवर न्हाय येत. म्हणून तर यावं लागतं."

ती चिडवत नव्हती. ती सुखात होती, आणि ते मात्र फोनवरही स्वच्छ ऐकू आलं. मला तिचा हेवा वाटला, सरळ सांगते. तिनं फोन बंद केला नाही. विसरली असेल, नाहीतर तसाच हातात धरून उभी असेल. आमच्यापैकीही कुणी बंद करेना. खरखर चालूच होती आणि आम्ही ती ऐकत बसलो.

बाहेर दळणाचे डबे घेऊन गिऱ्हाईकं खोळंबली होती. एकानं आत डोकावून विचारलं, "अहो काकू, गिरणी कधी चालू करणार?"

"उद्या या," मी म्हटलं.