दोन बोटं दूध

एडिलेनीच्या दुधासाठी अख्खी गल्ली कॉफी प्यायची. आईचं दूध साठवणाऱ्या इस्पितळाच्या दूधपेढीला काचेची आणि प्लॅस्टिकच्या झाकणाची बरणी लागते, आणि तशी बरणी घरात येते ती कॉफीचीच. त्यामुळे समोरच्या न्हाव्यापासून पलीकडच्या शिक्षिकेपर्यंत सगळे रिकामी बरणी धुऊन तिच्या दारात आणून ठेवत. लेकीला, माइतेला, पोटभर पाजून उरलेलं दूध एडिलेनी वर्षभर त्या बरण्यांत भरत आली होती, अपुऱ्या दिवसांच्या परक्या बाळांसाठी. सासू, दोना नाझारे, बाजारात कांदे घेतानाही सांगायची, "माझ्या सुनेला दूध नाही, झरा आहे झरा! आपल्या पेट्रोलिना गावाला नदी नसती तरी चाललं असतं."

आता तोच झरा आटवायचा होता. एडिलेनीला वीज कंपनीत खांबावरच्या कामासाठी निवडलं होतं आणि चार आठवड्यांनी चढायची परीक्षा होती. सरावाच्या पहिल्याच दिवशी सुरक्षेचा पट्टा छातीवर आवळला आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शर्ट ओला झाला. मागून कुणीतरी गाईसारखं हंबरलं. शिकवणारे जर्सिनो हसले नाहीत, पण विरघळलेही नाहीत.

"पट्टा सैल ठेवून मी कुणाला वर सोडत नाही. जमत नसेल तर ऑफिसात टेबल आहे."

टेबल तिला नको होतं. त्याच दिवशी तिनं माइतेचं दुपारचं आणि संध्याकाळचं पाजणं एकदम तोडलं. चौदा महिन्यांची पोरगी केळं खाऊन खूश राहिली. आईची छाती मात्र दगड झाली. मग वर्षभराच्या सवयीनं तिनं बरणी घेतली आणि शेवटचा थेंब येईपर्यंत दूध काढलं. दूध अंगात ठेवून वाया घालवणं तिच्या लेखी पापच होतं. दोन तास हलकं वाटलं, संध्याकाळी पुन्हा तेच, सकाळी पुन्हा तेच. सासूला तिचे हाल बघवेनात. तिनं जुनी चादर फाडून सुनेची छाती करकचून बांधली आणि वर वाडगाभर मुनगुंझा पुढ्यात ठेवला. नारळाच्या दुधातला हा गोड मका तिनं वर्षभर सुनेला खाऊ घातला होता, तो दूध वाढावं म्हणून. आता कळवळ्याच्या भरात ते तिच्या लक्षातच राहिलं नाही. चौथ्या दिवशी डाव्या बाजूला लाल, गरम गाठ आली.

त्याच दिवशी दूधपेढीच्या सिस्टर झुलेइका थंड पेटी घेऊन दारात आल्या. फ्रीजरमधल्या सहा भरलेल्या बरण्या पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"याला बंद करणं म्हणतेस तू? बये, तू सगळं काढून घेतेस, म्हणून अंगाला वाटतं पोर अजून उपाशी आहे. ते आणखी बनवतं."

"मग काय तुंबू देऊ?"

"तुंबू नको देऊस, पण हात आखडता घे. ताण उतरेल एवढंच काढायचं आणि थांबायचं. मग गार कपडा ठेव. ही चादर आधी सोड. गाठ बसेपर्यंत माइतेला दुपारी-संध्याकाळी परत घे, आणि मग एकेक पाजणं तोड, मध्ये चार-पाच दिवस दम धरून. उद्यापर्यंत गाठ उतरली नाही किंवा ताप आला, तर सरळ डॉक्टर."

"आणि मुनगुंझा?" दोना नाझारेनं पडेल आवाजात विचारलं.

"तो तुम्ही खा."

गाठ दुसऱ्या दिवशी बसली. पण दूध येत असताना थांबणं एडिलेनीला फार जड गेलं. झाकण लावताना कुणाच्या तरी लेकराच्या तोंडचा घास काढल्यासारखं व्हायचं. तरी ती थांबली. दुपारचं गेलं, मग संध्याकाळचं, मग पहाटेचं. झोपतानाचं सगळ्यात शेवटी. बरण्या पाऊण झाल्या, अर्ध्या झाल्या, आणि शेवटच्या बरणीत जेमतेम दोन बोटं दूध उरलं. ती तिनं लाजेनं फ्रीजरमध्ये मासळीच्या पिशवीमागे लपवली.

सिस्टरनी ती बरोबर शोधून काढली.

"राहू द्या हो," एडिलेनी म्हणाली. "एवढ्याशासाठी कशाला?"

"आमच्याकडे आठशे ग्रॅमची एक पोरगी आहे. एका वेळेला दोन मिली पिते, तेही नळीनं. यात तिचे कितीतरी दिवस निघतील." सिस्टरनी बाकीच्या बरण्यांसारखीच तिच्यावर नाव-तारखेची चिठ्ठी डकवली.

एडिलेनीची मान ताठ झाली.

परीक्षेच्या दिवशी जर्सिनोंनी पट्टा ओढला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबले.

"अजून एक भोक आवळा," एडिलेनी म्हणाली.

त्यांनी आवळला. शर्ट कोरडा होता. ती चढली, पार टोकापर्यंत, आणि दोन्ही हात सोडून पट्ट्यावर रेलली. हंबरणारा खाली तोंड उघडं टाकून बघत होता. कुंपणापाशी माइतेला कडेवर घेतलेल्या दोना नाझारेला गप्प राहणं कुठलं जमायला!

"माझी सून आहे ती! वर्षभर गावाची पोरं जगवली हिनं, आता वीजही हीच देणार!"

वर एडिलेनीनं पट्ट्यावर छाती टेकली आणि पोटभर हसली.